काकांनी पंप मारायचं सोडलं

मित्रांनो, सायकल दुरुस्तीच्या दुकानात दारामागे गंजत उभा असलेला हवेचा पंप म्हणजे मी. माझा दट्ट्या आता अर्ध्यावरच अडकतो. पण एके काळी अख्ख्या गल्लीच्या सायकली माझ्या जिवावर पळत होत्या. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण सांगणारे काका आता नाहीत.

कारखान्यातून मी आलो तो थेट काकांच्या हातात. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. ते माझ्या दट्ट्याला तेल लावत, फडक्याने मला पुसत आणि गिऱ्हाइकाला ऐकवत, "असा पंप शोधून सापडायचा नाही!" टायरच्या बाबतीत तर ते डोळ्यांत तेल घालून असत. कुठे बारीकसा फुगवटा दिसला की म्हणत, "आज फुटणार नाही, पण दर महिन्याला दाखवून जा. वाढलाय का ते बघायला हवं."

पुढे मुतखड्याच्या शंकेने काकांच्या पोटाची सोनोग्राफी झाली. खडा निघालाच नाही, निघालं भलतंच. त्यांच्या मुलीने दुकानातच समजावलं, "बाबा, हृदयाकडून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी थोडी रुंद झालीय. घाबरायचं कारण नाही, ऑपरेशनही नको. सिगारेट बंद, रक्तदाबाची गोळी रोज, आणि दर वर्षी सोनोग्राफी करून ती वाढतेय का ते बघायचं."

काका हसले. "फुगवट्याचं मला शिकवतेस होय? जोराने हवा मारली की तो फुटतो. आता पंप मारायचा नाही, म्हणजे झालं!"

"अहो बाबा, पंपाला डॉक्टर नाही म्हणालेच नाहीत! सिगारेट सोडा म्हणालेत."

पण ऐकतील ते काका कसले! त्यांनी मला दारामागे ठेवलं आणि विजेवर चालणारं यंत्र आणलं. जणू मीच त्यांचा वैरी. मला फार वाईट वाटलं. ते मात्र खुर्चीत बसून खुशाल धूर सोडत. मुलगी तपासणीची आठवण करून द्यायची, तेव्हा म्हणत, "हवाच मारत नाही, तर वाढेल कशाने?" अशीच वर्षं गेली. मला ओरडून सांगावंसं वाटे, काका, मी नाही हो, तुमच्या बोटांतली ती सिगारेट! पण पंपाचं कोण ऐकतो?

एका सकाळी दुकान उघडताना काका पोट धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला. लगेच दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत. ती रक्तवाहिनी वाढत वाढत फुटली होती.

काही दिवसांनी मुलगी दुकान आवरत होती. तेवढ्यात शाळेतल्या एक बाई सायकल घेऊन दारात आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काका नाहीत का? टायर दाखवायला आलेय. दर महिन्याला दाखवून जा म्हणाले होते ना, मी एकदाही चुकवलं नाही."

मुलगी सायकलची सीट धरून रडू लागली. काय झालं ते कळल्यावर बाईंनी तिला जवळ घेतलं. मग डोळे पुसून ती खाली बसली आणि तिने काकांसारखंच टायरवरून बोट फिरवून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाला डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलं असेल. ते टाळाटाळ करतील, हसण्यावारी नेतील. तुम्ही ऐकू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना दाखवून आणा.