फोटोंची पाळी

"भावजी, आमची वेळ होऊन गेली. फोटो अजून सुटले नाहीत आमच्याकडे."

"सोडलेत, वहिनी. जरा दम धरा. तुमची लाइन लांबची. आधी हवा येते."

"नुसतं गोल गोल फिरतंय हो!"

"तीच हवा," चावीकाका म्हणाले आणि फोन खांद्यात दाबून त्यांनी डब्यावर हात ठेवला. डबा आतून गुरगुरत होता. म्हणजे पुरवठा चालू होता.

चावीकाकांचा जन्म पाणीखात्यात गेला. हातात माणसाएवढी लांब लोखंडी चावी घेऊन ते गल्लीगल्लीत फिरायचे, रस्त्यातली झाकणं उघडायचे आणि एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीचं सोडायचे. एरवी मान वर करून न बघणारी माणसंसुद्धा खिडकीतून लाडीगोडीने विचारायची, "काका, आज आमच्याकडे कधी?" या एका प्रश्नावर काकांनी तीस वर्षं ताठ मानेने काढली. निवृत्त झाले आणि प्रश्न बंद झाला. फोन वाजायचा तो कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्यांचा. काका त्यांच्याशीही बराच वेळ बोलत.

फोटो साठवायचा हा डबा जावयाने आणला. घराण्याचे सगळे जुने फोटो काकांकडे, कारण घर सोडून कुठे न गेलेले तेवढे एकटेच. थंडीभर बसून त्यांनी एकेक फोटो स्कॅन केला. जावयाने डबा घरच्या नेटला जोडला, फोटो आत भरले, प्रत्येक नातेवाइकाला खातं आणि पासवर्ड दिला.

"आत दोन डिस्क आहेत, बाबा. एक बसली तरी दुसरी चालू राहते."

"स्टँडबाय पंप," काका खूश झाले.

"आता जगात कुठूनही, कुणीही, कधीही बघेल. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही."

निरोपाच्या समारंभात साहेबही हेच म्हणाले होते.

पण काकांचं नशीब जोरावर होतं. पहिल्याच रविवारी सगळं गोत एकदम फोटोंवर तुटून पडलं. घरचं नेट बेताचं. कुणालाच धड काही दिसेना. फोनवर फोन. काकांनी क्षणात निदान केलं: प्रेशर पडलंय. सगळ्या चाव्या एकदम उघडल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी खाती बंद केली आणि पाळ्या लावल्या. सकाळी मोठ्या वहिनी, मग धाकटा भाऊ, दुपारी बहीण, चुलत मंडळी एक दिवसाआड. रात्री डबा बंद; रात्री गळती फार होते.

गंमत म्हणजे गोताने हे मान्य केलं. पाळी म्हटली की माणूस कशाचीही किंमत करतो. ज्यांनी ते अल्बम कधी उघडले नव्हते, ते आता मिनिटामिनिटाचा हिशेब मागू लागले.

"दादा, मोठ्यांना जास्त वेळ आणि आम्हाला उरलंसुरलं?" धाकटा भाऊ कुरकुरला.

"त्यांच्याकडे माणसं जास्त आहेत."

"माणसं कसली, सुना! त्यांना कुठे आपले फोटो बघायचेत!"

बहिणीचं तर काकांनी कनेक्शनच तोडलं. "ताई, तुझ्या लाइनीवर दोन जोडण्या दिसतायत मला."

"अरे, नणंदेला माझ्या लग्नातला एक फोटो बघायचा होता!"

"तिने रीतसर अर्ज करावा."

सकाळपासून फोन खणखणायचा. काकांची दाढी वेळेवर होऊ लागली. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, हे लोक फोटो बघतायत की बादल्या लावून बसलेत?"

फक्त मुलीची पाळी काही बसेना. ती लांबच्या देशात. तिला सवड मिळायची तेव्हा इकडे मध्यरात्र. नातवाला शाळेत पणजीचा फोटो न्यायचा होता.

"बाबा, तो एकच फोटो फोनवर पाठवा ना!"

"टँकर मिळणार नाही. एकाला दिला की सगळे मागतात."

मुलगी म्हणाली, "शेवटच्या घराचं पिंप भरल्याशिवाय मी चावी बंद केली नाही, असं सगळ्यांना सांगत असता ना? मग मी कितवं घर, ते तरी सांगा."

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी मुलीचं खातं उघडलं आणि पहिल्यांदाच डबा चालू ठेवून झोपले.

मुलीने पणजी बघितली, रडली आणि आनंदाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सकाळी वहिनी तयारच होत्या.

"लेकीला रात्रभर, आणि आम्ही तासाभरात आटपायचं! असू दे, असू दे. ज्याच्या हातात चावी..."

घरच्यांना चोरून पाणी सोडलं, असं तीस वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. काका कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे बसले. एकतर लेकीचं बंद करायचं, नाहीतर सगळ्यांचं कायमचं उघडायचं.

"उघडा की," बायको म्हणाली. "जावई तर मोठं नेट लावून द्यायला केव्हाचे तयार आहेत. अडलंय कुठे?"

अडलं होतं ते काकांना बोलून दाखवता येत नव्हतं. चोवीस तास पाणी येणाऱ्या गल्लीत चावीवाल्याला कोण विचारतो?

दुपारी त्यांनी एकेक खातं उघडलं. शेवटचं बहिणीचं. अर्जाशिवाय.

मोठं नेट आलं. कुणाची तक्रार उरली नाही. फोन असा गप्प झाला की काकांनी दोनदा बायकोच्या फोनवरून रिंग देऊन तपासला. चांगला वाजत होता. दाढी पुन्हा दिवसाआड होऊ लागली.

एका सकाळी बायको पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"मला दाखवा."

"काय?"

"फोटो. सगळ्या जगाला दाखवलेत, मला कुणी विचारलंय का?"

"अगं, तू तर घरातच आहेस!"

"म्हणूनच."

काकांनी फोटो लावले. ती चष्मा सावरून बघू लागली. सासू, दीर, कुणाकुणाची बाळं. मग एका फोटोवर थांबली. याच घराच्या दारात विशीतली एक मुलगी कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन उन्हामुळे डोळे बारीक करून उभी होती.

"ही मी?"

"मग कोण?"

"हा कुणी काढला? मला आठवतच नाही." ती पुढे झुकली. "नीट दिसत नाहीये. ऊन येतंय यावर."

काका उठून खिडकीत आडवे उभे राहिले. पडद्यावर त्यांची सावली पडली आणि फोटो स्पष्ट झाला.

"आता?"

"हं. हलू नका."

आतल्या खोलीत फोन वाजू लागला. पूर्ण वाजला, थांबला, पुन्हा वाजू लागला. काकांनी एकदा तिकडे मान वळवली. पण ती अजून बघत होती, आणि ते सरकले असते तर तिच्या फोटोवर ऊन आलं असतं.