बावीस तासांचा मामा

रुसायला वय लागत नाही. केंदूरचे सर्जेराव बासष्टाव्या वर्षी रुसले, तेही फेट्यापायी. धाकट्या बहिणीच्या मुलीचा, वैष्णवीचा साखरपुडा दौंडला झाला, तेव्हा दाजींनी पहिला फेटा एका पुढाऱ्याला बांधला आणि मुलीच्या सख्ख्या मामाला चौथा. 'लग्नात पोरीच्या मागं कोण उभं राहतंय तेच बघतो!' सर्जेरावांनी मनाशी गाठ मारली.

पुढं ते मुलाकडं टोरंटोला गेले. बायको नातवापाशी राहिली, हे लग्नाच्या चार दिवस आधी एकटेच परतले. दौंडला मात्र पत्ता लागू दिला नाही. बहिणीला फोनवर म्हणाले, "सोजरा, लग्नाला न्हाई जमत गं. साडेबारा हजार किलोमीटर हाय. एक विमान बदलून बावीस तास लागत्यात. खायचं काम हाय व्हय?"

"व्हय दादा, लांबच हाय," सोजराबाई एवढंच म्हणाल्या.

लग्नादिवशी सकाळी दहाला सर्जेराव ओट्यावर चहा पीत होते. फोन वाजला, सवयीनं उचलला, तर पडद्यावर हळदीनं पिवळी झालेली वैष्णवी. "मामा, आशीर्वाद द्या! तिकडं रात्र ना? झोपमोड केली का?"

सर्जेराव तोंड उघडणार, तोच मागं गाय हंबरली. लख्ख उन्हात, गव्हाणीपाशी, चांगली केंदूरची गाय. सोजराबाईंनी झटक्यात पोरीच्या हातातला फोन ओढला. "गेलं बाई नेटवर्क! परदेशाचं असंच असतंय," त्या पाहुण्यांना सांगत होत्या, ते ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

सर्जेरावांचे कान तापले. आपलं पाप झाकायला बहिणीनं लेकीच्या लग्नात खोटं बोलावं! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"दादा, मुहूर्त बारा पस्तीसचा हाय. सत्तर किलोमीटर, दोन तासात येशील. गुपचूप निघाला हुतास, आत्ताच विमान उतरलं म्हणून सांगते मी."

ते पोचले तेव्हा अंतरपाट धरायची तयारी चालली होती. वैष्णवीच्या मागची जागा रिकामी होती. दाजी फेटा घेऊन सामोरे आले आणि चारचौघांत म्हणाले, "या पाव्हणं! लई लांबनं आलात. किती तास लागलं?"

"बावीस," सोजराबाई घाईनं म्हणाल्या.

"दोन," सर्जेराव म्हणाले. "केंदूरवरनं आलो."

दाजींनी फेटा बांधायला घेतला. मग कानाशी हळूच म्हणाले, "फोनात गाय मीबी बघितली. पर साखरपुड्याला चुकलंच आमचं. म्हणून आज अजून कुणालाच फेटा बांधला न्हाई. मान वर करा पाव्हणं, फेटा बसंना."

सर्जेरावांची मान काही वर येईना.