पिवळा फेटा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत चला. दिवाळीचा पाडवा आहे, उन्हं कललीत. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल कानठळ्या बसवत गल्लीतून येते आहे आणि आपल्या धन्याच्या गाडीचा आवाज ओळखून एक म्हैस तिच्यामागं धावते आहे. शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. दिसली? आता सांगा, शिंगांचा रंग कोणता होता? कुणी लाल म्हणेल, कुणी हिरवा. रंग तर मी सांगितलाच नव्हता. तो तुम्ही भरलात, आणि भरल्याचं तुमच्या लक्षातही आलं नाही.

रक्षिताचंही असंच झालं. पण तिनं भरलेल्या रंगामुळं एका माणसावर आळ आला.

१९९७ सालची गोष्ट. रक्षिता तेव्हा पाचवीत होती. पाडव्याला ती वडिलांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हशींची पळापळ बघत होती. कोपऱ्यावर बायडाबाईंची फुलांची हातगाडी होती. एवढ्यात एक मोटारसायकल गर्दीतून घासून गेली, हातगाडी कलंडली आणि बायडाबाईंच्या पायावर आली. पाय मोडला. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. तालमीतले वडीलधारे हंबीरराव धावत आले आणि समोर दिसलेल्या रक्षिताला त्यांनी विचारलं, "गुंडूच हुता न्हवं गं?"

रक्षितानं होकारार्थी मान हलवली.

गुंडू गवळी पेठेतलाच. रोज संध्याकाळी तो आपली लक्ष्मी म्हैस चौकात उभी करायचा आणि लोक पेले घेऊन धारोष्ण दुधासाठी थांबायचे. आपण तेव्हा पंचगंगेच्या घाटावर पोचलो होतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. लेकरू कशाला खोटं बोलंल, एवढंच हंबीरराव म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गुंडूच्या चौकात पेले दिसेनासे झाले.

सुट्टी संपली. शाळेत मैत्रिणींनी, आपल्या घरी पडून असलेल्या बायडाबाईंनीही खोदून खोदून विचारलं आणि रक्षितानं रंगवून सांगितलं. एकदा सांगताना गाडीतून ठिणग्या उडाल्या, पुढच्या वेळी गुंडूचा पिवळा फेटा वाऱ्यावर सुटला, मग तो मागं वळून हसलासुद्धा. ती थापा मारत नव्हती बरं का. तिला हे सगळं डोळ्यांपुढं लख्ख दिसत होतं. जितकं सांगावं तितकं जास्तच लख्ख.

एका रात्री जेवताना वडील म्हणाले की गिऱ्हाईक तुटल्यामुळं गुंडू येत्या रविवारी लक्ष्मीला विकायला बाजारात उभी करणार आहे. लक्ष्मीला गुंडूनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. रक्षितानं अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतले. चूक गुंडूमामाचीच आहे, असं तिनं मनाला समजावलं, तरी तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, चनबसाप्पा, गडहिंग्लजहून परत आले. ते निवृत्त शिक्षक. दिवाळीभर ते लेकीकडं होते. रक्षितानं त्यांनाही सगळं सांगितलं, ठिणग्यांपासून फेट्यापर्यंत. ती थांबल्यावर ते म्हणाले, "भाद्रपदात गुंडूचा बाप गेला. वरीस होईतोवर डोक्याला फेटा लावणार न्हाय म्हणालाय त्यो. मी हुतो की तिथं. म्हशीची हौस मोडू नये म्हणून लक्ष्मीला नेलं असंल त्यानं, पण बोडक्या डोक्यानं."

रक्षिता आठवू लागली. फेटा तर तिनं पाहिला होता. कधी पाहिला होता? गेल्या पाडव्याला. याच कोपऱ्यावर गुंडूची गाडी घसरली होती, फेटा सुटला होता आणि तो कपडे झटकत हसला होता. मग यंदा काय पाहिलं? तिनं डोळे मिटून खूप ताण दिला. शेजारी फटाक्यांची माळ लागली होती. तिनं कानांवर हात ठेवून डोळे घट्ट मिटले होते. डोळे उघडले तेव्हा हातगाडी आडवी होती.

अज्जांनी तिला दारात नेलं. सकाळी तिनंच काढलेली रांगोळी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी विस्कटली होती, थोडे ठिपके तेवढे राहिले होते. त्यांनी तिला ती परत जुळवायला लावली. तिनं भराभर रेषा ओढल्या. हीच का सकाळची, असं त्यांनी विचारल्यावर मात्र तिला छातीठोक सांगता येईना. अज्जा म्हणाले, आठवण अशीच असते. बघितलेल्यातले थोडे ठिपके उरतात, रेषा आपण दरवेळी नव्यानं ओढतो. कधी गेल्या वर्षीचा ठिपका यंदाच्यात येऊन बसतो. कधी दुसराच कुणीतरी विचारता विचारता एक ठिपका टाकून जातो.

"म्हंजे मी खोटं सांगितलं?" तिनं विचारलं.

"न्हाय. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतंय. तुला ठाऊक नव्हतं." अज्जा म्हणाले. "आता झालंय."

पुढं काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. रक्षितानंही विचारलं नाही. ती चपला घालून तडक तालमीपाशी गेली. मुली आत जात नसत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं हाका मारल्या. हंबीरराव अंगाची माती पुसत बाहेर आले. त्यांच्यामागं पाच-सहा पैलवानही आले.

"आजोबा, मी गुंडूमामाला बघितलं न्हवतं. माझे डोळे मिटलेले हुते."

"मग कोण हुतं ते?"

सगळे तिच्याकडं बघत होते. एखादं नाव घेतलं असतं तर सुटका झाली असती.

"म्हाईत न्हाय."

एक पैलवान हसला. पोरगी रोज नवं सांगतीया, असं कुणीतरी पुटपुटलं. हंबीरराव हसले नाहीत. आपणच तिच्या तोंडी नाव घातलं होतं, हे बहुधा त्यांना आठवलं असावं. त्यांनी दारातल्या खुंटीवरचा सदरा काढला आणि गुंडूच्या गोठ्याकडं निघाले. चल म्हणून त्यांनी तिलाही खुणावलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं. जिथं जिथं तिनं ते सांगितलं होतं, तिथं तिथं तिला आधी जायचं होतं. ती उलट्या दिशेनं वळली आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडलेल्या बायडाबाईंच्या दाराची कडी तिनं वाजवली.