पाहुण्याचं खरबूज

खिवा शहरातल्या खरबूज-जत्रेत अल्लाबेर्गननं आपलं सगळ्यात मोठं खरबूज गाडीच्या मधोमध, ओल्या फडक्यावर मांडलं होतं. पंच दुपारी यायचे होते, आणि पंचांपुढे खरबूज अखंडच लागतं. दरवर्षी पहिला नंबर त्याच्या मेहुण्याचा, मत्याकूबचा. मग वर्षभर लग्नात, बारशात, मयतीतसुद्धा मत्याकूबचा तोच विषय. यंदा त्याची जिरवायचीच, असं अल्लाबेर्गननं बायकोला, शरीपाला, सांगून ठेवलं होतं. भाऊ तिचाच, तरी ती म्हणाली होती, "जिरवाच एकदा."

तेवढ्यात उन्हानं लालबुंद झालेला एक परदेशी सायकलवाला नेमका त्यांच्याच गाडीसमोर उतरला.

"पाहुणा आला, दाजी!" शेजारच्या गाडीवरून मत्याकूब ओरडला. "कापा की आता! की खालचं एखादं फडतूस देताय?"

दारी आलेल्या पाहुण्याला असेल त्यातलं उत्तम द्यायचं, ही रीत. अल्लाबेर्गननं खालचं एक फडतूस कापलं. पाहुण्यानं ते निमूट खाल्लं, अंगठा दाखवला, वर छातीवर हात ठेवून मानही झुकवली.

अल्लाबेर्गनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "च्यायला!" म्हणत त्यानं मोठ्या खरबुजावर सुरी चालवली. शरीपानं डोळे मिटून घेतले. पाहुण्यानं तेही खाल्लं, अगदी तसाच अंगठा दाखवला आणि सायकलवर बसून निघून गेला.

पंच आले, साली बघून हळहळले आणि पुढे गेले. मत्याकूबला पहिल्या नंबरचा गालिचा मिळाला. तो खांद्यावर टाकून स्वारी लगेच इकडे आली.

"काय दाजी, परदेशात नाव काढलंत म्हणे!" असं म्हणत त्यानं उरलेली एक फोड उचलली.

चावता चावता तो थांबला. दुसरी फोड घेतली. मग तिसरी. गालिचा खांद्यावरून घसरून धुळीत पडला, तो त्यानं उचललाही नाही.

"ताई," शेवटी तो हळूच म्हणाला, "याचं थोडं बी देशील?"

मत्याकूबनं आजवर कुणाकडे बी मागितलं नव्हतं. लोक त्याच्याकडे मागायचे.

"मला काय विचारतोस? दाजींना विचार," शरीपा म्हणाली.

मत्याकूबनं विचारलं. अल्लाबेर्गननं सुरी सावकाश पुसली.

"बघू," तो म्हणाला.

इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. पण शरीपा शेजारीच उभी असल्यामुळे तो त्यानं चेहऱ्यावर दिसू दिला नाही.