खुसपटचं खरं नाव

घरात तिला सगळे खुसपट म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीत ती ते काढायची. कालच्या गोष्टीतल्या राक्षसाला तीन डोळे होते, आज दोनच कसे? बाबा 'आलोच' म्हणून गेले, मग दिवे लागल्यावर का उगवले? आजीने वैतागून हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. खरं नाव फक्त शाळेत उपयोगी पडायचं. छोटंसं, गोड नाव होतं, पण अख्ख्या गावात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ते इथे सांगत नाही. सांगितलं तर उद्या चार घरांतल्या चार मुलींना तेच ठेवतील आणि मग या गोष्टीत काही राम राहणार नाही.

एका बुधवारी वर्गाच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला. आपल्या नावाचा अर्थ काय आणि ते कोणी ठेवलं, हे शुक्रवारी उभं राहून सांगायचं.

मागच्या बाकावरचा टोण्या लगेच ओरडला, "बाई, हिच्या नावाला अर्थच नाहीये! माझ्या दादाने शोधलंय. कुठेच सापडत नाही."

"तुझ्या दादाला स्वतःची चप्पल सापडत नाही," ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला. पण खाली बसल्यावर तिने वहीवरचं आपलं नाव दोनदा वाचून बघितलं.

घरी आजी मटार सोलत बसली होती.

"आजी, माझ्या नावाचा अर्थ काय गं?"

आजीचा अंगठा शेंगेवर थांबला. "वनस्पती असते एक. डोंगरात उगवते. तापावर देतात."

"फुलं येतात तिला?"

"येतात ना. पिवळी."

बाबा चष्म्याच्या दुकानातून आले. त्यांनाही तिने तोच प्रश्न टाकला. "तारा आहे एक," बाबा म्हणाले. "इतका बारीक, की दुर्बिणीशिवाय दिसत नाही." आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा लख्ख होता.

आई कारखान्यातून आली. ती सूत रंगवायच्या कारखान्यात होती, बोटांची नखं कायम निळी-तांबडी. प्रश्न ऐकल्याबरोबर तिने नळ मोठा सोडला. "काय म्हणालीस? पाण्यात ऐकू येत नाही." नळ बंद झाल्यावर खुसपटने पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "शुक्रवारी ना? बघू उद्या."

आता वनस्पती आणि तारा दोन्ही खरं कसं असेल? गुरुवारी सकाळी वेणी घालून घेताना खुसपटने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, त्या वनस्पतीची फुलं कुठल्या रंगाची म्हणालीस?"

"पांढरी."

"काल पिवळी होती."

"सुकली की पांढरी होतात. मान हलवू नकोस, भांग वाकडा होतोय."

झालं. कोणीतरी काहीतरी लपवत होतं, आणि एकट्याने नाही, तिघांनी मिळून. शाळेत दिवसभर तिचं लक्ष फळ्यावर नव्हतं. तिच्या मैत्रिणीला वारलेल्या आत्याचं नाव दिलं होतं. मैत्रिणीने काहीही चांगलं केलं की घरचे म्हणायचे, 'अगदी तिच्यासारखी.' केलं हिने, कौतुक तिचं. आपलंही तसंच असणार. आपल्या आधी या नावाचं कोणीतरी होतं, आणि ते असं कोणीतरी होतं की ज्याचं नावही काढायचं नाही. आई कधी कधी काम टाकून आपल्याकडे नुसती बघत बसते. तेव्हा ती कोणाला बघते?

हा विचार आला आणि तिला रडूच फुटायला आलं. पण रडून काही कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने सापळा लावायचं ठरवलं.

शाळा सुटल्यावर ती थेट बाबांच्या दुकानात गेली. बाबा एका चष्म्याची काडी बसवत होते.

"बाबा, आजीने मला सगळं सांगितलं."

बाबांच्या हातातला बारीक स्क्रू टपकन खाली पडला. "सगळं? कारखान्यातलंसुद्धा?"

तिने नुसती मान डोलावली.

"बरं झालं बाई, सुटलो," बाबा खाली वाकून स्क्रू शोधत म्हणाले. "अगं, तुझ्या आईचा हट्ट आणि आजीचा नियम. माझं मधल्या मध्ये भरीत. तारा बिरा मी आपलं वेळ मारून नेली..." ते एकदम थांबले. टेबलाखालून डोकं वर आलं. "खुसपट, आजीने नक्की काय सांगितलं?"

पण दुकानात कोणी नव्हतं. खुसपट रस्त्याला लागली होती.

कारखाना मागच्याच गल्लीत होता. आत वाफच वाफ. मोठाले हौद, वर आडव्या काठ्यांवर सुताच्या ओल्या लड्या, आणि जमिनीवर ओघळांची रांगोळी. मुकादमकाका एका हौदाशी उभे होते. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते.

"काका," तिने आपलं खरं नाव घेतलं, "या नावाची कोणी बाई इथे कामाला होती का?"

"बाई?" काकांनी डोळे बारीक केले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. त्यांनी हौदांकडे तोंड करून हाक दिली, "अरे ऐकलंत का? ही विचारतेय, या नावाची बाई आपल्याकडे होती का!"

वाफेतून कोणीतरी ओरडलं, "होती की! एकदाच आली, परत काही आली नाही!"

सगळा कारखाना हसला. खुसपटचे कान तापले. तेवढ्यात ओले हात पदराला पुसत आई धावत आली. तिने सगळ्यांकडे एकदा रागाने बघितलं आणि लेकीला हाताला धरून मागच्या वाळवणाच्या अंगणात नेलं. जाता जाता आपल्या कपाटातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेतलं.

"कोण होती ती?" खुसपटने विचारलं. "जी परत आली नाही, ती?"

आईने कागद सोडला. आत सुताची एक लडी होती. राखाडी म्हणावी तर त्यात हिरवं होतं. हिरवी म्हणावी तर कुठूनतरी जांभळं डोकवायचं. कबुतराच्या मानेवर ऊन पडावं तशी.

"ही," आई म्हणाली. "हा रंग. बाई नाही आणि कोणी नाही."

मग आईने सांगितलं. कारखान्याची रीत अशी होती की नवा रंग ज्याच्या हातून येईल, नाव त्याने ठेवायचं. पण तो रंग दोनदा जमला तरच. एकदा आला तर तो योगायोग, दुसऱ्यांदा आला तर रंग. हा नियम आजीचा, कारण तेव्हा आजीच इथली मुख्य रंगारीण होती. आईने ही लडी हौदातून वर काढली आणि तिला धीर धरवेना. तिने तिथल्या तिथे नाव ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"मग?"

"मग तो परत आलाच नाही. किती खटपट केली. सगळे मला त्या नावाने चिडवायला लागले. आजी म्हणाली, घाई नडली तुला. मग तू झालीस. मी म्हटलं, नाव तयार आहे. आजी म्हणाली, नापास रंगाचं नाव माझ्या नातीला? आठवडाभर घरात अबोला. शेवटी ठरलं, नाव ठेवायचं, पण कुठून आलं ते पोरीला कळू द्यायचं नाही."

खुसपट लडीकडे बघत राहिली. "म्हणजे ते आधी हिचं होतं. हिला नको झालं म्हणून मला दिलं."

आईने लडी तिच्या हातात दिली. मग खुसपटने नेहमीचं केलं.

"पण परत का नाही जमला? माप तेच होतं?"

"तेच."

"पाणी?"

"तेच."

"वेळ?"

आईने मागे वळून दार लोटून घेतलं. "वेळच माहीत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "लडी हौदात होती आणि मला एकदम मळमळलं. मी हौद सोडून मागच्या नळाशी जाऊन बसले. किती वेळ, देव जाणे. परत आले तर हा असा झालेला. चालू हौद सोडून जाणं म्हणजे इथे गुन्हा. म्हणून कोणाला बोलले नाही. वेळ बदलून बघितला असता, तर का ते सांगावं लागलं असतं."

"मळमळलं कशाने? काय खाल्लं होतंस?"

"काही नाही गं." आई तिच्याकडे बघत राहिली, ते नेहमीचं काम टाकून बघणं. "तू होतीस ना पोटात. मलाही तेव्हा माहीत नव्हतं."

संध्याकाळी खुसपटने लडी सरळ आजीच्या मांडीवर ठेवली. "आजी, हा रंग आईने एकटीने नाही केला. मीपण होते. आईला हौद सोडायला मीच लावलं."

दारात आई उभी होती. आजीने मान वर केली. "हौद सोडलास?"

"सोडला."

आजी उठली. खिडकीशी जाऊन तिने लडीचे पदर वेगळे केले, वास घेतला, बोट ओलं करून सुतावर घासलं आणि बोट बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं, इतका रंग मुरला होता. "तरीच," ती म्हणाली. "माप बरोबर होतं, मग बिनसलं कुठे, म्हणून इतकी वर्षं डोकं खाजवतेय मी. वेळेची गंमत आहे ही. आता वेळ वाढवत नेला की दुसऱ्यांदा येईल बघ!"

"आला तर येऊ दे," खुसपट चटकन म्हणाली. "पण त्याला दुसरं नाव शोधा. हे माझं आहे."

आजीने सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि लडी परत कागदात गुंडाळली. "शाळेत दाखवणार असशील तर उजेडात धर," ती म्हणाली. "सावलीत मरतो हा."

"आणि डोंगरातली ती वनस्पती?"

"कसली वनस्पती?"

"पिवळ्या फुलांची. सुकली की पांढरी होतात ती."

"खुसपट!"

शुक्रवारी तिची पाळी आली. बाकावरून उठून तिने विचारलं, "बाई, मी खिडकीपाशी उभी राहू?" आणि तिने लडी उन्हात धरली. वर्ग पुढे झुकला.

"पण अर्थ काय?" टोण्या मागून म्हणाला.

"इकडे ये, बघ. हाच."

"आणि कोणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"आईने," ती म्हणाली. "मी थोडी मदत केली."