काच धुरकटली नाही

माझा हात थरथरत नाही, हे मी तीन वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. चहाचा कप बशीवर वाजायचा, मान्य. शर्टाची गुंडी चटकन लागायची नाही, तेही मान्य. पण ब्रश धरला की हात गप्प बसतो, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो, आणि पुरावा मागायची कुणाची टाप नव्हती. पुरावा समोरच्या काचेच्या कपाटात उभा होता. निवृत्त झाल्यापासून मी केलेली लढाऊ विमानं, जुन्या महायुद्धातली, तळहातावर मावतील एवढी, एकाहून एक देखणी.

जन्मभर मी दातांच्या कवळ्या केल्या. दात केसभर उंच बसला तर गिऱ्हाईक जेवता जेवता शिव्या घालतं, त्यामुळे हाताला नेमकेपणाची सवय. विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतं. तिथे मला सगळे कवळीमास्तर म्हणतात. लाडानं म्हणतात असा माझा समज होता.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. वैमानिकाच्या डोक्यावर विमानाला जी पारदर्शक, काचेसारखी टोपी असते, तिला आम्ही कॅनोपी म्हणतो. खऱ्या विमानात तिच्यावर धातूच्या पट्ट्या असतात. प्रतिकृतीत त्या पट्ट्या म्हणजे काडीहूनही बारीक रेघा, आणि त्या रंगवताना भलेभले घाम पुसतात. लोक काय करतात, काचेवर चिकटपट्टी लावतात, पात्यानं कापतात, वरून रंग मारतात आणि पट्टी सोलतात. झालं. यात कसली कला? मी पट्टी लावत नाही. श्वास रोखायचा आणि नुसत्या ब्रशनं रेघ ओढायची. अख्ख्या मंडळात असं करणारा मी एकटा, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

संध्याकाळी दिव्याखाली ओढलेली रेघ कधीकधी जरा हललेली वाटायची, नाही असं नाही. पण सकाळी उठून बघावं तर सरळसोट. रंग वाळताना स्वतःला सावरून घेतो, असा माझा सिद्धांत होता. नवशिक्यांना मी तो शिकवायचोसुद्धा. ते माना डोलवायचे.

तर यंदाच्या प्रदर्शनाआधी बैठक झाली आणि मी जाहीर केलं की या वेळी मी लोकांसमोर बसून कॅनोपी रंगवून दाखवणार. पट्टीशिवाय. चिटणीस खिशात पेन शोधायला लागले. चष्मेवाला, म्हणजे माझा सगळ्यात जुना मित्र, ज्याचं चष्म्यांचं दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे, तो म्हणाला की राहू दे रे, लोकांना बघून कंटाळा येईल. मला वाटलं, पोटात दुखतंय याच्या. दरवर्षी पहिला नंबर माझा आणि दुसरा त्याचा, दुखणारच. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तीही म्हणाली, "अहो, कशाला उगीच?" मी जेवणावरून उठलो. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी लागली, आणि मग माघार घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी माझं स्पिटफायर विमान तयार होतं. पंखांखालचा आभाळी रंग, एंजिनाच्या नळ्यांमागची काजळी, सगळं जागच्या जागी. फक्त आदल्या संध्याकाळी रंगवलेली कॅनोपी चिकटवायची राहिली होती. ती चिकटवली आणि केस कापायला गेलो, कारण उद्या चारचौघांत बसायचं तर माणसासारखं दिसायला हवं.

न्हाव्याकडे गर्दी होती. बराच वेळ बाकावर बसून जुनी मासिकं चाळल्यावर माझा नंबर लागला. गळ्याभोवती कापड बांधल्यावर हात आत अडकले आणि चाळा म्हणून अंगठा बोटावर घासला, तर बोटाच्या शेंड्याला काहीतरी कडक लागलं. वाळलेला, काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा. कॅनोपी शाळेतल्या पांढऱ्या गोंदानं चिकटवायची असते, आणि तो गोंद पाण्यानं निघून जातो. हा निघणारा नव्हता. मी झटपट चिकटणारा गोंद वापरला होता. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, टोपणं सारखी, आणि माझं लक्ष उद्याच्या भाषणात.

झटपट गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. पहिल्याच महिन्यात प्रत्येकजण ही चूक एकदा करतो आणि कानाला खडा लावतो. आत कोंडलेली वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि ती साय घासून जात नाही, धुऊन जात नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी दिसते ती कॅनोपी. मला तिथून उठून पळायचं होतं, पण अर्धं डोकं कापलेलं घेऊन रस्त्यातून कसा जाणार? न्हावी कात्री चालवत राहिला आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत राहिलो.

परत येताना वाटलं, चष्मेवाल्याकडे जादा कॅनोपी असेल, मागावी. दुकान बंद. दाराला 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी. भर दुकानाच्या वेळेत हा कुठे उलथला, म्हणत मी घरी आलो, चपला न काढता टेबलापाशी गेलो आणि उभाच राहिलो.

काच धुरकटली नव्हती. पाण्यासारखी नितळ. आतली वैमानिकाची खुर्ची, खुर्चीवरचे पट्टे, सगळं लख्ख दिसत होतं.

दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून मोकळा झाला असता. मी हे काम ओळखतो. हे होणं शक्यच नव्हतं. मी भिंग घेतलं, खिडकीपाशी गेलो आणि पट्ट्यांच्या कडेवरून हलकेच नख फिरवलं. नखाला लागलं. चिकटपट्टी लावून रंगवलं की कडेला रंगाचा एक बारीकसा बांध राहतो. ब्रशनं ओढलेल्या रेघेला तो नसतो. माझ्या कॅनोपीवर बांध होता.

मग कपाट उघडलं. एकेक विमान काढून नख फिरवत गेलो. गेल्या वर्षीचं, पहिल्या नंबरचं. बांध. त्याआधीचं. बांध. तीन वर्षांतल्या एकाही विमानावरची काच माझी नव्हती. मी खुर्चीचा हात धरून बसलो.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन कप होते, एक अजून कोमट. धाग्याला धागा जोडायला फार डोकं लागत नाही. खरं सांगतो, एक क्षण नको ते मनात आलं. आणि लाज वाटते सांगायला, पण तसलं काही असतं तर मी कदाचित कमी चिडलो असतो. निदान माझ्या कामाला तरी कुणी हात लावला नसता.

बायको गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. मी भिंग पुढे केलं. तिनं माझ्याकडे बघितलं, कपडे खाली ठेवले, आत जाऊन चादरींच्या कपाटातून बुटांचा एक खोका आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

खोक्यात माझं काम होतं. खरं काम. कापसात नीट ठेवलेल्या कॅनोप्या, एकेक उचलून मी बघितली. रेघा अशा, की भूकंपात बसून ओढल्यासारख्या. मध्येच जाड, मध्येच तुटलेल्या, काही काचेवरून घसरत भलतीकडे गेलेल्या. सगळ्यात वर आजची होती, पांढरी फटक, गोंदाचा वास अजून येत होता.

मग तिनं सांगितलं. पहिल्या वेळी मी रंगवून झोपलो, तिनं ती काच बघितली आणि तिला बघवेना. सकाळी मी बघीन आणि पुन्हा टेबलाशी बसणार नाही, ही धास्ती. तिनं चष्मेवाल्याला बोलावलं. त्यानं त्याच विमानाच्या सुट्या भागांचं दुसरं खोकं विकत घेतलं, त्यातली कॅनोपी पट्टी लावून रंगवली आणि सकाळी मी उठायच्या आत ती जागेवर होती. त्यानंतर दर वेळी तेच, आणि आज मी न्हाव्याकडे असताना धुरकटलेली काचही तशीच बदलली. चष्मेवाल्याला ती भावजी म्हणते. मी झोपलो की भावजी यायचे, असं ती सांगत होती, जणू दूधवाला येऊन गेल्याचं सांगतेय.

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इतके खूश होतात हो," ती म्हणाली. "मला धीर झाला नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची? मी तसाच उठून दुकानात गेलो. चष्मेवाला परतला होता, फडक्यानं कुणाचातरी चष्मा पुसत होता. माझ्या नाकावरचा चष्माही त्यानंच केलेला, त्यावरचाही माझा भरवसा त्या घडीला उडाला. त्यानं माझा चेहरा बघितला आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून वाटेला लावलं. मी त्याला एवढंच विचारलं की मंडळात कुणाकुणाला माहीत आहे. तो चष्मा पुसतच राहिला. काच इतकी पुसली की निघाली असती.

"सगळ्यांना," तो शेवटी म्हणाला.

चिटणिसांना, परीक्षकांना, मी ज्यांना रंग सावरून घेतो म्हणून शिकवलं त्या नवशिक्यांनाही. तीन वर्षं सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती. नवशिके माना का डोलवायचे ते आता कळलं. गंमत म्हणजे तीन वर्षांचे पहिले नंबर चष्मेवाल्याचेच होते, आणि स्वतःशीच हरून तो दर वेळी मला पेढ्यासारखं गोड हसून मिठी मारायचा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी त्याला विचारलं की मग मला उद्या लोकांसमोर बसू का देताय. तो कळवळून म्हणाला की आम्ही नको म्हणालो होतो, वहिनीही, मीही.

"नको म्हणालात," मी म्हणालो. "का नको, ते नाही म्हणालात."

त्यावर त्यानं उपाय काढला. तो म्हणाला की उद्या मी एक रंगवलेली काच खिशात ठेवतो, तू थोडं रंगवल्यासारखं कर, मध्ये चहा सांगू आणि बदलू. अजून त्याला उपायच सुचत होते. माझ्या हाताला काय झालंय, हे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

घरी बायको म्हणत होती की चिटणिसांना फोन करते, ताप आलाय म्हणते. मी फोन करू दिला नाही. आणखी एक थाप मला पचली नसती. मी तिला म्हटलं की मी जाणार, बसणार आणि रंगवणार, जे व्हायचं ते होऊ दे. फक्त एक कर. रंगवून झालं की मी तुला विचारीन, आणि तू सगळ्यांसमोर खरं सांगायचं. जे दिसेल ते. तीन वर्षांचं एका वाक्यात फिटेल, मी परत कधी विषय काढणार नाही.

"सांगेन," ती म्हणाली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची खोली भरली होती. टेबलावर दिवा, रंग, पाण्याची वाटी आणि एक कोरी कॅनोपी. मी भाषण केलं नाही. श्वास रोखला आणि पहिली रेघ ओढली. हात गप्प बसला नाही. मी मनगट टेबलावर दाबलं, दुसऱ्या हातानं धरलं, तरी ब्रशचं टोक काचेवर स्वतःच्या मर्जीनं चालत राहिलं. तिसऱ्या रेघेला रंगाचा थेंब काचेच्या मधोमध पडला आणि पसरला. मी पुसला नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या रेघा पूर्ण केल्या, उभा राहिलो आणि कॅनोपी चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल अशी दिव्यापुढे धरली.

"वा मास्तर," चिटणीस म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं की या वयात हे म्हणजे कमाल आहे. परीक्षक वाकून बघून म्हणाले की हाताची कला ती हाताचीच. चष्मेवाल्यानं टाळ्या सुरू केल्या आणि खोली त्याच्यामागे वाजायला लागली. त्या टाळ्यांत काचेकडे कुणीच बघत नव्हतं. मला हे अपेक्षित होतं. मी उभा होतो ते त्यांच्यातल्या कुणासाठी नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर मी पहिल्या रांगेत बघितलं. "तू सांग," मी म्हणालो. "कसं झालंय?"

ती उठली. टेबलापाशी आली. माझ्या चिमटीतली ती हलणारी कॅनोपी तिनं नीट निरखून बघितली, सगळ्या बाजूंनी. मग लोकांकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे वळली.

"छान झालंय," ती म्हणाली.

पापणीसुद्धा लवली नाही. तिला वाटलं असेल, चारचौघांत माणसाची शोभा कशाला. पण खोटं बोलताना माणसाचं काहीतरी हलतं, ओठ, भुवई, काहीतरी, ते मी शोधत राहिलो, आणि काही म्हणजे काही हललं नाही. याच चेहऱ्यानं ती मला सांगत आली होती की माझ्या आईचा तिला कधी जाच झाला नाही. याच चेहऱ्यानं सांगत आली होती की मुलगा फोनवर आधी माझी चौकशी करतो, आणि माझ्याशी लग्न करून तिचं काही राहून गेलं नाही. त्यातलं खरं किती, हे मी आता कुणाला विचारू? तिलाच विचारावं लागेल.

लोक पुढच्या टेबलाकडे सरकले. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि मी तिच्याकडे न बघता ब्रश धुवायला घेतला.