आरसा कलकत्त्याला जातो

"हात धुतलेस?"

"धुतले."

"पुसलेस कशाने?"

"पुसलेच नाहीत. वाळवतेय." मालिनी ओले हात हवेत धरून उभी होती.

विष्णुपंत टिल्लू खाटेवर पालथे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं खाटेच्या कडेबाहेर, कपाळ समोरच्या स्टुलावर ठेवलेल्या उशीवर टेकवलेलं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा पडद्याला नीट दाबून धरावा म्हणून जेवण-आंघोळ सोडून सगळा वेळ असंच पडून राहायचं होतं. ते बोलले की आवाज फरशीतून आल्यासारखा वाटायचा.

"आता उचल. कडेला धर. चकचकीत बाजूला बोट लागता कामा नये."

मालिनीने आरसा उचलला. लग्नानंतर पहिल्यांदाच. ताटलीएवढा, जाड काचेचा, हातात घेतल्यावर मनगट खाली ओढणारा. अंबरनाथच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सांभाळून विष्णुपंतांनी तो बदलापूरच्या या घराच्या गॅलरीत वर्षानुवर्षं हाताने घासला होता. त्या काळात ती वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली तरी ते ओरडायचे, "धूळ उडवू नकोस!" या आरशाची दुर्बीण झाली तेव्हा आख्खी आळी गच्चीवर चंद्र बघायला आली. मालिनी तेव्हा सगळ्यांसाठी चहा करत खालीच होती.

या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी, कलकत्त्याजवळच्या डायमंड हार्बरला खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. विष्णुपंतांचा मित्र मधू आणि त्याची मंडळी दुर्बिणीची नळी आणि स्टँड घेऊन आधीच आगगाडीने रवाना झाली होती. आरसा मात्र विष्णुपंतांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. दोन रात्रींचे धक्के नकोत म्हणून ते स्वतः विमानाने जाणार होते. आणि ऐन नवरात्रात उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला.

त्याआधी पंधरा दिवस त्या डोळ्यात ठिणग्या उडत होत्या. हे त्यांनी सांगितलं ते थेट डॉक्टरांसमोर.

"तेव्हाच यायचं होतं हो," डॉक्टर म्हणाले.

"तेव्हा आलो असतो तर तुम्ही जाऊ नका म्हणाला असतात."

"आत्ताही तेच म्हणतोय. विमानात हवेचा दाब कमी होतो. बुडबुडा फुगला की डोळा गेला."

मालिनीला हे गिळताच येत नव्हतं. ग्रहणासाठी माणूस डोळा लपवतो? घरी आल्यावर एकदाच त्यांनी विचारलं होतं, "तू घेऊन जातेस का?"

"दिवाळीत? तुम्हाला असं टाकून? एका काचेसाठी?"

"बरोबर आहे. राहू दे."

एक स्क्रू जागेवर नसला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि तो 'राहू दे' म्हणाला. मालिनी उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती लोकांची बोलणी जोडून द्यायची. त्या आठवड्यात दोनदा तिच्या हातून भलतीच लाइन जोडली गेली. एक व्यापारी तर भडकून सुपरवायझरपर्यंत पोचला.

शेवटी तिची सासू, माई, बोलल्या. माई ग्रहणात पाण्याचा घोट घेत नसत.

"तू जा."

"अहो माई, यांचं कोण बघेल?"

"मी आहे. खालचे हरिचंद्र रोकडे आहेत, औषध घालायला येतो म्हणालेत. ग्रहण पाळायचं ते मी पाळीन. तू बघायचं ते बघून ये."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालिनी फर्निचरवाल्यांच्या गल्लीत फोम आणायला गेली. सिंधी दुकानदाराने तीन जाडीचे तुकडे पुढे टाकले. "दीदी, क्या पैक करना है? भगवान की मूर्ती?"

"वही समझो," ती म्हणाली.

आणि आता ती विष्णुपंतांच्या हुकमाप्रमाणे एकेक करत होती. प्लायवुडच्या पेटीत तळाला फोम, त्यावर मधोमध गोल खाच पाडलेला दुसरा फोम, खाचेत आरसा. चकचकीत बाजू वर, पण वरच्या झाकणाचा फोम तिला न टेकता फक्त कडेवर बसेल असा. तिने आपलं जुनं मऊ लुगडं आणलं होतं.

"नको. सुताचे तंतू चिकटतात. औषधाच्या बाटलीतल्या त्या पुड्या घातल्यास? ओल धरत नाही त्याने. आणि पेटीला बारीक भोक ठेवलंय, ते बुजवू नकोस. वर गेल्यावर आतली हवा बाहेर पडायला वाट हवी."

मालिनीचा हात थबकला. पेटीला भोक ठेवलं होतं. डोळ्याला कोण ठेवणार?

"काय झालं?" खालून आवाज आला.

"काही नाही. खटका लावतेय."

सांताक्रूझच्या विमानतळावर तपासणीवाल्या हवालदाराने पेटी पुढे ओढली. "ये क्या है?"

"मिरर है. दूरबीन का."

"इतना मोटा? खोलो."

तिने खटके उघडले. त्याने वाकून पाहिलं आणि सहज बोट पुढे केलं.

"हात मत लगाना!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. मालिनी स्वतःच दचकली. आवाज तिचा होता, पण ओरडणं हुबेहूब विष्णुपंतांचं.

हवालदार बिथरला. "ये अंदर नहीं जायेगा. लगेज में डालो. किसी के सिर पे मारा तो?"

विष्णुपंतांनी ती निघताना तिच्याकडून एवढंच घोकून घेतलं होतं, की काही झालं तरी पेटी सामानात द्यायची नाही. तिथे वरून फेकतात. विमानाची घोषणा सुरू झाली. लोक भराभर पुढे सरकत होते. तिने खोल श्वास घेतला आणि एक्स्चेंजमधला तो सपाट, न हलणारा आवाज काढला.

"लगेज में डालना है तो मुझे भी डालिए. नहीं तो आपके साहब को बुलाइए. मैं होल्ड करती हूँ."

साहेब आले. त्यांनी पेटीत डोकावलं तर आतून त्यांचाच चेहरा केवढा तरी मोठा होऊन त्यांच्याकडे बघू लागला. नकळत त्यांनी मिशी सारखी केली.

"ग्रहण देखने अकेली जा रही हैं? मिस्टर?"

"उनकी आँख का ऑपरेशन हुआ है."

साहेबांनी स्वतःच्या हाताने झाकण लावलं. जरा वाकडं लागलं, ते मालिनीने सरळ केलं.

विमानात पेटी पुढच्या सीटखाली पुरती जाईना. तिने ती दोन पावलांमध्ये घट्ट धरली. ढगांत विमान हादरू लागलं तशी तिच्या पोटऱ्यांना कळ लागली, पण तिने पाय सैल सोडले नाहीत. औषधाचे थेंब घातले असतील का? रात्री झोपेत ते कुशीवर वळले तर? माईंना आता ऐकूही कमी येतं. शेजारचा माणूस पेपर वाचत होता, कुणी घोरत होतं. त्या सगळ्या निवांत माणसांचा तिला राग आला.

दमदमला, कलकत्त्याच्या विमानतळावर, मधू उभाच होता. बसायला जाईपर्यंतही त्याला दम नव्हता. तिथेच कडेला पेटी उघडून त्याने आरसा उजेडात तिरपा करून पाहिला.

"वहिनी, एक चरा नाही."

"नीट बघा, भावजी."

"बघितलं."

"परत बघा."

ग्रहणाच्या सकाळी नदीकाठी ही गर्दी. आरसा नळीत बसला होता, दुर्बिणीला कॅमेरा जोडला होता. मालिनी पाठीमागे येरझाऱ्या घालत होती. मधूने आरशाच्या क्लिपा पुरेशा आवळल्या होत्या ना? की जास्त आवळल्या? जास्त आवळलेलं चालत नाही, विष्णुपंत म्हणाले होते. विचारावं म्हणून ती पुढे झाली आणि तेवढ्यात उजेडच बदलला. ऊन होतं, पण त्यातली ऊब निघून गेली होती. पैलतीराकडून पाण्यावर काळोख धावत आला. कुणीतरी किंचाळलं. तिने वर पाहिलं.

क्लिपा, थेंब, उशी, घर, सगळं कुठल्या कुठे गेलं. वर काळं भोक होतं आणि त्याच्याभोवती पांढरं काहीतरी मोकळं सुटलेलं होतं. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग कडेला एक ठिणगी पेटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपण रडतोय हे तिला मधूने रुमाल पुढे केल्यावर कळलं.

ती मंडळींबरोबर आगगाडीने परतली तेव्हा भाऊबीजेची दुपार कलली होती. माईंनी दार उघडलं. नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. त्या हाताने मालिनीला काय ते कळलं.

विष्णुपंत तसेच पालथे होते. डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती.

"आरसा?"

"सुखरूप आहे. मधूभावजी फोटो धुऊन झाले की स्वतः घेऊन येतील. डॉक्टर काय म्हणाले?"

"रोकडे घेऊन गेले होते. उजव्याला उजेड कळतो. बाकी काही नाही. आता कळणारही नाही म्हणाले."

"मग हे पालथं कशाला अजून?"

"सोमवारपर्यंत सांगितलंय. राहतो."

मालिनी त्यांच्या मानेकडे बघत उभी राहिली. एवढे दिवस ती या मानेशीच बोलत आली होती. तिने पदर खोचला, प्रवासाच्या चुरगळल्या साडीनिशी फरशीवर बसली आणि खाट आणि स्टूल यांच्यामधल्या जागेत सरकत उताणी झाली. वर विष्णुपंतांचा चेहरा होता. सुजलेला, दाढी वाढलेला, एक डोळा उघडा.

"अगं, हे काय?"

"तिकडून ऐकू येत नाही नीट."

तो डोळा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी विचारलं, "माझी आठवण आली का गं? अगदी त्या वेळी?"

खोटं ओठांवर आलं होतं. "नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही आली."

विष्णुपंत हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. उशीला हादरे बसले.

"यायला नकोच होती. सांग. कडेचा प्रकाश केवढा होता?"

मालिनीने हात वर केला, अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांच्या डोळ्यासमोर कडं धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या बाहेर हळूहळू पसरत नेली. "इथपर्यंत. या बाजूला जरा जास्त. केसांसारखा."

"अजून जवळ आण."

तिने हात जवळ नेला.